व्हिडिओ खेळांच्या उत्पन्नपद्धती

व्हिडिओ खेळांच्या उत्पन्नपद्धती : व्हिडिओ खेळाच्या निर्मात्यास व विक्रेत्यास खेळाडूंकडून ज्या मार्गांनी पैसा मिळतो, त्यांना उत्पन्नपद्धती म्हणतात. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खास यंत्र म्हणजे कन्सोल आणि स्मार्टफोन ही या खेळांची दोन प्रमुख साधने होत. दोहोंच्या पद्धती प्रारंभी भिन्न होत्या. २०१० नंतर स्मार्टफोनवरील पद्धती कन्सोलच्या बाजारात शिरल्या आणि किमतीबरोबर खेळांची रचनाही बदलू लागली.

कन्सोल यंत्र उत्पादनखर्चाच्या आसपास, प्रसंगी तोट्यातही, विकावयाचे व ती तूट खेळांच्या विक्रीतून भरून काढावयाची, ही या व्यवसायातील जुनी रीत होय. यंत्रासाठी खेळ काढणारा प्रकाशक यंत्रनिर्मात्यास विक्रीतील हिस्सा देतो. ग्राहक एकदाच किंमत मोजीत असे व पूर्ण खेळ त्याच्या हाती पडे. त्याची प्रत मित्रास उसनी देता येई किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात विकताही येई.

ॲपलने २००८ मध्ये आयफोनसाठी ॲप्सचे दुकान उघडले. विक्रीतील ३० टक्के दुकानाचे, असे प्रमाण तेथे रूढ झाले. २००९ पासून ॲपच्या आतही खरेदीची सोय झाली. त्यामुळे खेळ मोफत देऊन जाहिराती व खेळातील वस्तूंची विक्री यांवर उत्पन्न मिळविणे शक्य झाले. बहुसंख्य खेळाडू काहीच खर्च करीत नाहीत. थोड्या खेळाडूंच्या वारंवार होणाऱ्या खरेदीवर हा व्यवहार चालतो. साहजिकच खेळाची आखणी खरेदीला प्रवृत्त करील अशी होते. उदा., ‘कँडी क्रश सागा’ (२०१२) या खेळात पाच जीव संपले की पुढील जीवासाठी अर्धा तास थांबावे लागते. थांबावयाचे नसल्यास पैसे मोजून जीव घेता येतात. जपानमध्ये ‘गाचा’ ही पद्धत फोफावली. तीत पैसे देऊन सोडत काढावयाची असते. कोणती वस्तू मिळेल, हे आधी कळत नाही.

कन्सोलवर ‘फोर्टनाइट’ (२०१७) व ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) यांसारखे मोफत खेळ आले. पूर्ण किमतीच्या खेळांतही बंद पेट्यांची विक्री सुरू झाली. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ (२०१७) मधील अशा पेट्यांवर खेळाडूंनी तीव्र आक्षेप घेतले, तेव्हा प्रकाशकास त्यातील खरेदी काही काळ थांबवावी लागली. बेल्जियमच्या नियामक आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगारात मोडतात, असे ठरविले. तथापि ही पद्धत हमखास फळतेच असे नाही. सतत चालू राहावा या हेतूने काढलेला सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २०२४ मध्ये सुमारे दोन आठवड्यांतच बंद करावा लागला. याउलट खेळांतर्गत खरेदी नसलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ ला (२०२३) मोठे यश लाभले.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह आढळतात. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ (२०१६) हा मोफत खेळ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला, एकरकमी किमतीचा खेळ कन्सोलवर प्रसिद्ध झाला. पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेने ‘इंडस’ हा खेळ स्मार्टफोनवर मोफत आणला (२०२४). बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात केवळ खेळासाठी महाग यंत्र घेणे थोड्याच कुटुंबांस परवडते. फोन मात्र इतर कामांसाठी घेतलेला असतोच. यूपीआय (२०१६) मुळे दहा-वीस रुपयांची खरेदीही सुलभ झाली. त्यामुळे एकरकमी किमतीच्या खेळास येथे ग्राहक मिळविणे कठीण जाते.

घरातील फोन मुलांच्या हाती असल्याने हा प्रश्न कौटुंबिकही ठरतो. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळातील पोशाख, जीव इत्यादींची किरकोळ खरेदी हा निराळा प्रकार असून तिला आवर घालण्यासाठी फोनमध्ये खरेदीपूर्वी पालकांची संमती आवश्यक करण्याची सोय असते. एकदा किंमत मोजणाऱ्या ग्राहकास आपला खर्च आधी कळतो. मोफत खेळात तो खेळ संपेपर्यंत कळत नाही आणि असे खेळ सहसा संपतही नाहीत.