फोडा, आत काहीतरी असणार!

गोपाळकाल्याला आमच्या बेलवलीत हंडी फुटते. पोरं दह्यापाण्यात चिंब होऊन घरी येतात, आंघोळ उरकतात आणि दिवेलागणीला मोबाइल नाहीतर कंट्रोलर हातात घेऊन पुन्हा मडकीच फोडायला बसतात. "सकाळपासून फोडलीत ती कमी पडली का रे?" असं घरातलं कोणीतरी विचारतंच. पडद्यावर तलवार फिरते, खळ्ळकन आवाज होतो, तुकडे उडतात आणि एक नाणं टुणकन बाहेर पडतं. ही दोन्ही मडकी एकाच घराण्यातली, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. म्हणजे आपला साहसी खेळसुद्धा मडकं फोडण्याचाच! आपल्या ठाणे जिल्ह्यात तर या खेळाचे विक्रम होतात. २०१२ साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फूट उंची गाठली आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले.

आधी ड्रम फुटले

व्हिडीओ गेममध्ये मडक्याच्या आधी पिंपाचा नंबर लागला. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये वानर वरून पिंपं गडगडत सोडतो आणि हातोडा मिळाला की आपण ती फोडतो. आत काही नसतं, नुसते गुण मिळतात. १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'त चाबकाने मेणबत्ती फोडली की हृदयाचं चिन्ह खाली पडतं. आणि १९८९ च्या 'फायनल फाइट'मध्ये भर रस्त्यातला ड्रम फोडला की आत चक्क भाजलेलं मटण! ते खाल्लं की मार खाल्लेला गडी पुन्हा ताजातवाना.

नव्वदच्या दशकात ज्यांनी एकेका कॉइनसाठी पार्लरमध्ये रांग लावली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. एवढं लांबलचक नाव घ्यायला आपल्याकडे वेळ कोणाला होता? त्यातल्या टोपीवाल्या खेळाडूच्या नावावरून सगळ्या देशाने त्याचं बारसं केलं: 'मुस्तफा'. त्या मशीनभोवती उभं राहून ओरडायचं एक वाक्य तर पाठच झालं होतं, "ड्रम फोड, ड्रम फोड, लाइफ येईल!"

मडक्यात रुपया

मडकी उचलून भिरकावायची खरी चटक लावली १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट' या झेल्डा मालिकेतल्या गेमने. कोणाच्याही घरात शिरा, मडकं उचला, भिंतीवर आपटा. आतून रंगीत रत्नं निघतात, तेच तिथलं चलन. आणि त्याचं नाव काय? रुपी! जपानी भाषेत आपल्या रुपयालाही हाच शब्द आहे. पुढे 'द विंड वेकर'मध्ये एका श्रीमंताच्या घरातल्या फुलदाण्या फोडल्या की तो भरपाई वसूल करतो. मला ही गोष्ट मनापासून आवडते. कधीतरी कोणीतरी विचारायला हवंच होतं.

फोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत, हे आपल्याला मातीच्या गल्ल्याने लहानपणीच शिकवलेलं असतं. जत्रेतून आणलेला तो गोल गल्ला कानाशी हलवून आतली नाणी मोजण्यात जी मजा, तीच पडद्यावरच्या मडक्यात आहे. फक्त गल्ल्यात काय आहे ते ठाऊक असतं आणि गेममध्ये नसतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा नेमाने मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी मिळत नाही असं झालं, तर पक्षी जास्त चिवटपणे चोच मारत राहतो. दहा मडकी रिकामी निघाली तरी आपण अकरावं फोडतोच.

हंड्यावरचा नाग

गुप्तधनाच्या हंड्यावर नाग बसलेला असतो, हे गावातल्या प्रत्येक आजीने सांगितलेलं. गेमवाल्यांनी तो नाग हंड्याच्या आतच बसवला. 'स्पेलंकी'त मडकं फोडलं की कधी रत्न निघतं, तर कधी साप किंवा कोळी. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये खोका फोडायला जावं तर साप अंगावर झेप घेतो. १९९६ च्या 'डायाब्लो'त पिंपातून सांगाडाच उठून उभा राहतो.

पाय असलेलं मडकं

आता माझी सगळ्यात लाडकी जोडी. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये जिवंत मडकी आहेत. त्यांना हातपाय आहेत, त्यांचं स्वतःचं गाव आहे, आणि त्यांच्यातला अलेक्झांडर नावाचा मोठा रांजण तर खेळणाऱ्यांचा जिवलग मित्र होतो. या मडक्यांच्या पोटात मेलेल्या योद्ध्यांचे देह भरलेले असतात. ऐकायला किती अघटित!

पण पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तिथले लोक लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला आडवं पुरत आणि त्याची पावलं तोडून टाकत. पण एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात वेगळंच काही सापडलं: कच्च्या मातीचा, चार पायांचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर रांजण. आत मांडी घालून बसवलेला एका पुरुषाचा सांगाडा होता आणि त्याची पावलं शाबूत होती. तो वस्तीचा प्रमुख असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तीन हजार वर्षं तो त्या मातीच्या पोटात बसून होता. हातपायवाल्या मडक्यांची कल्पना करणाऱ्या जपानी कलाकारांना इनामगाव एकदा दाखवावं, असं मला फार वाटतं.

खोक्यांची गोष्ट

'क्रॅश बँडिकूट' (१९९६) बनवताना रस्ते ओकेबोके दिसत होते. हा गेम ज्या यंत्रावर चालायचा, त्याची एका वेळी फार शत्रू दाखवायची ताकद नव्हती. मग खोका सुचला. सहा बाजूंचा ठोकळा, काढायला सर्वांत स्वस्त! आज त्या खोक्यांशिवाय क्रॅश आठवतच नाही.

खोके पुढे इतके बोकाळले की २००० साली अमेरिकेतल्या दोन समीक्षकांनी गेम तोलायचं नवं माप काढलं: गेम सुरू झाल्यापासून पहिला खोका किती सेकंदांत दिसतो? जितका लवकर, तितका गेम वाईट. त्या दोघांतले एरिक वुल्पॉ पुढे 'पोर्टल' (२००७) चे लेखक झाले. त्या गेममध्ये एक खोका सोबती म्हणून मिळतो, त्याच्यावर हृदय काढलेलं असतं, आणि शेवटी तो आपल्याच हाताने भट्टीत टाकावा लागतो. खोक्यासाठी लोक हळहळले!

'हाफ-लाइफ २' (२००४) मधले काही खोके तर मायाळूच. ते फुटताना गेम आधी आपली अवस्था बघतो. जखमी असाल तर औषध निघतं, गोळ्या संपल्या असतील तर गोळ्या.

फुटतं कसं?

पडद्यावरचं मडकं बहुतेक वेळा आधीच फुटलेलं असतं. कलाकार एक अखंड मडकं बनवतो आणि एक तुकड्यांचं. घाव बसला की एक लपवायचं, दुसरं दाखवायचं. तुकडे खरे वाटावेत म्हणून गणितज्ञ जॉर्जी वोरोनॉय यांच्या नावाने ओळखली जाणारी विभागणी वापरतात. ठिपके विखरायचे आणि प्रत्येक ठिपक्याला त्याच्या सर्वांत जवळचा भाग वाटून द्यायचा. सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारखी नक्षी तयार होते.

मग दोन-चार सेकंदांत ते तुकडे विरून जातात, कारण ते जपत बसलं तर यंत्राची मेमरी भरते. बेलवलीत मात्र हंडीची खापरं दुसऱ्या दिवशीही रस्त्याच्या कडेला असतात. त्यातलं एक चपटं, गुळगुळीत खापर एखादी मुलगी उचलते, दगडावर घासून त्याच्या कडा गोल करते आणि खडूने आखलेल्या पहिल्या घरात ठिकरी टाकते.