संगणक चालू होईना, तर काय बघावे?

संगणक चालू होईना, की गावात लगेच म्हणतात, "मदरबोर्ड गेला!" मग शाळेतला संगणक कोपऱ्यात धूळ खात पडतो. सेवा केंद्रातला असेल तर सातबाऱ्यासाठी लोकांना तालुक्याची एसटी धरावी लागते. दिवसाची मजुरी बुडते. पण खरोखर मदरबोर्डच गेला का? ते आधी पाहावे, असे आमचे म्हणणे आहे.

टेबलाखालच्या पेटीला लोक सीपीयू म्हणतात. म्हणोत बापडे! खरा सीपीयू म्हणजे आतली एक लहान चौकोनी चिप. ती ज्या मोठ्या पातळ फळीवर बसते, तो मदरबोर्ड. विजेची वायर लागते तिथे आतून एक पत्र्याचा डबा असतो. तो पॉवर सप्लाय. कारागीर त्याला एसएमपीएस म्हणतात.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. मदरबोर्डाला अशी वीज चालत नाही. त्याला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. कालव्याचे पाणी एकदम रोपांवर सोडले तर रोपे वाहून जातील. ते पाटाने, दंडाने वाफ्यात न्यावे लागते. हा डबा तेच काम करतो. गावाकडे वीज कधी मंद, कधी जोरात. तो मार पहिल्यांदा डबाच खातो. म्हणून पहिला संशय डब्यावर घ्यावा. मदरबोर्डापेक्षा तो बहुधा स्वस्तही पडतो.

आधी भिंतीवरच्या त्याच जागी दुसरे काही लावून बघा. डब्याच्या मागेही एक छोटे बटन असते. केर काढताना ते बंद होते. हसू नका, असे घडते!

पेटी उघडण्याआधी वायर भिंतीतून काढाच. संगणक बंद दिसला तरी डबा बोर्डाला ५ व्होल्टची वीज देतच असतो. वायर काढल्यावर संगणक चालू करायचे बटन एकदा दाबा. बोर्डावर उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला. मात्र तो पत्र्याचा डबा कधीही उघडू नका. त्याच्या आत तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा असतो. वायर काढल्यावरही तो काही वेळ राहतो. तो जिवावर बेतू शकतो. डबा बिघडला तर बदलावा. तो खोलण्याचा नाद करू नये.

आता डब्याचे सगळे जोड सोडवा. त्यांत २४ पिनांचा एक रुंद जोड असतो. त्यात हिरवी तार एकच असते. तिचे भोक आणि शेजारच्या काळ्या तारेचे भोक एका वाकवलेल्या तारेने जोडा. मग वायर लावा, बटन चालू करा. पंखा मुळीच फिरला नाही, तर डबा गेला असे बहुधा समजावे. फिरला तरी लगेच खूश होऊ नका. आजारी डब्याचाही पंखा फिरतो. मीटर लावून बघा. पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५, नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट हवेत. थोडा फरक चालतो. १२ च्या जागी ११.४ ते १२.६ असले तरी ठीक. काही नव्या डब्यांत सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे हे काम जाणत्यावर सोडावे.

डबा चांगला निघाला तर बोर्डाकडे वळा. अर्थात, पुन्हा वायर काढून. मेमरीची पट्टी काढा. तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि पट्टी घट्ट बसवा. एवढ्यावर पुष्कळ संगणक उठून बसतात. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. त्याचे नाव सीआर२०३२. बोर्डावर लहान नळकांडी दिसतात. त्यांची डोकी सपाट हवीत. ती फुगली असतील, तर बोर्ड आजारी आहे. सन २००० नंतरची काही वर्षे अशी खराब नळकांडी जगभर पुष्कळ बोर्डांवर बसली होती.

बोर्ड बदलायचाच ठरला, तर खर्च बोर्डापुरता राहील असे धरू नका. डीडीआर३ मेमरीची पट्टी डीडीआर४ च्या बोर्डात बसत नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते. जुनी चिपही नव्या बोर्डात बसेलच असे नाही. म्हणजे एका बोर्डापायी तीन वस्तू घ्याव्या लागतात. दुकानदाराला हे आधी विचारा. दाखले आणि टायपिंग एवढेच काम असेल तर ३०० ते ४०० वॅटचा चांगला डबा पुरतो. चिठ्ठीवर मोठा आकडा आणि हातात हलका, असा डबा आम्ही तरी घेणार नाही.

नवा बोर्ड बसवला, पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका. चिपेजवळ चार किंवा आठ पिनांचा एक छोटा जोड लावायचा असतो. तो राहून गेला आहे का बघा. चांगले कारागीरही तो विसरतात.