फुकट मिळणारीं संगणकी साधनें

मुलाच्या प्रवेशअर्जास छायाचित्र जोडावयाचें असतें, आणि तें ठरीव मर्यादेपेक्षां मोठें भरलें म्हणजे अर्ज स्वीकारला जात नाहीं. मग घरांतील कोणी तरी घाईघाईनें इंटरनेटवर शोध घेतो, समोर येईल त्या पहिल्याच फुकट साधनाच्या हवालीं छायाचित्र करतो, त्याच्या मागोमाग आधार कार्डही करतो, आणि काम झालें म्हणून समाधान मानतो. काम होतें, हें खरें. परंतु आपला कागद कोणाच्या हातून फिरून आला, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करूं.

हीं साधनें दोन प्रकारचीं असतात. एका प्रकारांत आपली फाईल दूरच्या संगणकावर जाते, तेथें तिच्यावर काम होतें व ती परत येते. दुसऱ्या प्रकारांत साधनच आपल्या ब्राउझरमध्यें उतरतें आणि फाईल घराबाहेर पडत नाहीं. छायाचित्रें लहान करणारें, गूगलच्या मंडळींनीं २०१८ सालीं काढलेलें 'स्क्वूश' हें साधन या दुसऱ्या प्रकारचें आहे. प्रकार ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पान उघडल्यावर इंटरनेटचा संबंध तोडावा, आणि मग काम करून पाहावें. झालें, तर तें आपल्याच यंत्रांत झालें असें समजावें.

पहिल्या प्रकारचीं साधनें त्याज्यच आहेत, असें मात्र नव्हे. २००४ सालीं सुरू झालेलें 'व्हायरसटोटल' एखादी संशयास्पद फाईल ७० हून अधिक तपासनिसांपुढें एकदम ठेवतें. पण तेथें दिलेली फाईल सुरक्षेचें काम करणाऱ्या इतर संस्थांनाही पाहावयास मिळते. तेव्हां अनोळखी इसमानें पाठविलेली फाईल तेथें अवश्य तपासावी. स्वतःचें मृत्युपत्र नव्हे.

गुपित न घेतांही उत्तर देणारें साधन असूं शकतें काय? असूं शकतें. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनीं २०१३ सालीं 'हॅव आय बीन पोन्ड' ही सेवा सुरू केली. आपला पासवर्ड चोरट्यांच्या याद्यांत सांपडला आहे कीं नाहीं, हें तेथें कळतें. पासवर्डापासून ४० अक्षरांची एक सांकेतिक खूण आपल्याच यंत्रांत तयार होते, आणि तिचीं पहिलीं ५ अक्षरेंच तेवढीं पाठविलीं जातात. त्या पांच अक्षरांनीं सुरू होणाऱ्या साऱ्या खुणांची यादी परत येते व जुळणी घरींच होते.

आधार कार्डाची प्रत कोणास द्यावीच लागली, तर १२ आंकड्यांपैकीं शेवटचे ४ च दाखविणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. जेथें ती चालेल तेथें तीच द्यावी.

शेजाऱ्याची कात्री मागून आणण्यांत कमीपणा नाहीं. मात्र कात्री घरीं आणावयाची कीं कापड तिकडे पाठवावयाचें, हें कापड पाहून ठरवावें.