चारित्र्याचा रकाना

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांपुढे दरवर्षी वसंत ऋतूत एकच प्रश्न नव्याने उभा राहतो आणि जवळपास नव्वद वर्षांच्या अनुभवानंतरही त्याचे निश्चित उत्तर त्यांना सापडलेले नाही. विद्यापीठाच्या मैदानावर असामान्य ठरलेला, पण ज्याच्या वागणुकीबद्दल कुजबुज आहे असा तरुण संघात घ्यावा, की त्याच्याहून काहीसा कमी गुणवान, परंतु निर्धोक खेळाडू पसंत करावा? वरवर पाहता हा गुणवत्ता आणि चारित्र्य या दोन पारड्यांचा हिशेब वाटतो. प्रत्यक्षात चारित्र्याच्या पारड्यात इतक्या निरनिराळ्या गोष्टी एकत्र टाकल्या जातात की आपण नेमके काय तोलतो आहोत, याचे भान तोलणाऱ्यालाही राहत नाही, आणि संघांच्या हातून झालेल्या मोठ्या चुकांचे मूळ बहुतेक वेळा या सरमिसळीत सापडते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा अमेरिकन खेळ. त्याच्या नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेत आज ३२ संघ आहेत, आणि विद्यापीठांतून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ ज्या पद्धतीने वाटून घेतात तिला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावात जास्त बोली लावणाऱ्याकडे खेळाडू जातो; ड्राफ्टमध्ये बोली नसते, तर गेल्या मोसमात सर्वांत दुबळा ठरलेला संघ पहिला खेळाडू उचलतो आणि विजेत्याची पाळी शेवटी येते. इंडियन सुपर लीगने २०१७ साली मुंबईत भारतीय खेळाडूंसाठी घेतलेला ड्राफ्ट आपल्याकडील काही वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडली, फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला, आणि त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. सध्या सात फेऱ्या होतात. त्याआधी इंडियानापोलिस येथे कंबाइन नावाचे चाचणी शिबिर भरते, तेथे ४० यार्डांची धाव, २२५ पौंडांचे वजन उचलणे, वैद्यकीय तपासणी आणि संघांबरोबरच्या मुलाखती पार पडतात. धाव सेकंदाच्या शतांश भागापर्यंत मोजता येते. स्वभावासाठी तसे घड्याळ नाही.

असे घड्याळ बनवण्याचा सर्वांत विलक्षण प्रयत्न डॅलस काउबॉइज या संघाने १९६० च्या दशकात केला, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा होता, ही गोष्ट भारतातील क्रीडाप्रेमींना फारशी ठाऊक नाही. काउबॉइजचे महाव्यवस्थापक टेक्स श्राम त्याआधी सीबीएस दूरचित्रवाणीच्या क्रीडा विभागात होते. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमची यंत्रे निकालांची जुळवाजुळव क्षणार्धात करताना त्यांनी पाहिली आणि खेळाडूंच्या निवडीतही अशा यंत्राचा उपयोग का करू नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. आयबीएमच्या सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन या उपकंपनीने या कामासाठी सलाम कुरेशी यांचे नाव पुढे केले. अलीगढमध्ये शिकलेल्या आणि अमेरिकेत जाऊन स्थिरावलेल्या या संख्याशास्त्रज्ञाला अमेरिकन फुटबॉलचा गंध नव्हता, श्राम यांना संगणकाचा नव्हता, आणि संघाचे निवडप्रमुख गिल ब्रँट हे पूर्वी मिलवॉकी शहरात तान्ह्या बाळांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करीत असत. अशा तिघांच्या बैठकांतून खेळाडू पारखण्याची एक नवी रीत जन्माला आली, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.

कुरेशी यांच्यापुढची पहिली अडचण यंत्राची नव्हती, ती भाषेची होती. स्काउट म्हणजे गावोगावच्या विद्यापीठांत हिंडून खेळाडू हेरणारा माणूस. प्रत्येक स्काउटचे शब्द वेगळे, आणि शब्द सारखे असले तरी त्यांची मापे वेगळी. एकाने ज्याला ‘चांगला’ म्हणावे त्याला दुसऱ्याने ‘अप्रतिम’ म्हणावे, आणि तिसऱ्याने दोन्ही शब्द हातचे राखून वापरावेत. शिवाय ज्याची धाव डोळ्यांत भरली त्याचा स्वभावही गोड वाटू लागतो, ही मनुष्याची जुनी खोड स्काउटमध्येही असतेच. कुरेशींनी खेळाडूच्या वर्णनासाठी वापरल्या जाणाऱ्या असंख्य विशेषणांची छाननी करून ती अखेर पाच परिमाणांवर आणली: चपळता व शरीरावरील ताबा, ताकद व स्फोटक जोर, जिद्द, बौद्धिक सावधपणा आणि चारित्र्य. त्यांवर आधारलेली प्रश्नावली स्काउटच्या हाती देण्यात आली, उत्तरे अंकांत मागवण्यात आली, आणि कोणता स्काउट सढळ हाताने गुण देतो व कोणता कंजूष आहे, याचाही हिशेब यंत्राकडे सोपवण्यात आला. याचा खर्च मोठा असल्याने लॉस एंजेलिस रॅम्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या प्रतिस्पर्धी संघांनाही त्यात भागीदार करून घेण्यात आले. माहिती तिघांची, निवड मात्र ज्याची त्याने करायची.

या यादीचे खरे मोल पाच या आकड्यात नाही. मैदानावर शेवटच्या मिनिटापर्यंत हार न मानणे आणि मैदानाबाहेर सभ्यपणे वागणे या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असे नाही, हे कुरेशींच्या प्रश्नावलीने जिद्द आणि चारित्र्य वेगवेगळ्या रकान्यांत बसवून मान्य केले, आणि डावपेचांची वही पाठ करण्याची कुवत ही तिसरीच बाब ठरवली. फुटबॉलच्या जगाबाहेरून आलेल्या माणसालाच हे वेगळेपण दिसावे, यात आश्चर्य नाही. काउबॉइजने १९६६ ते १९८५ असे सलग वीस मोसम पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले. त्याचे श्रेय प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्याकडे आणि ब्रँट यांच्या तीक्ष्ण नजरेकडेही जाते. ऑलिंपिकमधील धावपटू बॉब हेज याला सातव्या आणि नौदलाच्या सेवेत अडकलेल्या रॉजर स्टॉबॅकला दहाव्या फेरीत उचलून त्यांच्यासाठी थांबण्याची तयारी १९६४ च्या ड्राफ्टमध्ये याच नजरेने दाखवली होती. तरीही निवडीमागे शिस्तबद्ध विचार असावा, हा आग्रह या प्रयोगाने सर्व संघांत रुजवला.

आणि तरीही चारित्र्याचा रकाना काउबॉइजनाही चकवून गेला. १९७० साली त्यांनी पहिल्या फेरीत घेतलेला ड्वेन थॉमस हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू पहिल्याच वर्षी चमकला. दुसऱ्या वर्षी त्याने करार सुधारून मागितला, तो मिळाला नाही, तेव्हा त्याने लँड्री यांना जाहीरपणे ‘प्लास्टिकचा माणूस’ म्हटले आणि १९७१ चा मोसम पत्रकारांशी व बहुतेक सहकाऱ्यांशी अबोला धरून काढला. त्याच मोसमाच्या अखेरीस, जानेवारी १९७२ मध्ये, काउबॉइजने मायामी डॉल्फिन्सला २४–३ असे हरवून आपला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि त्या सामन्यात थॉमसने ९५ यार्डांची धाव जमवली. पुढच्या हंगामाआधी त्याला सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकण्यात आले. त्या मोसमातील त्याचा मुख्य अपराध म्हणजे त्याने मोबदला मागितला आणि मालकांशी गोड बोलणे नाकारले. अशा माणसाला आणि मारहाण करणाऱ्याला एकाच शब्दाने नापसंत करणारी पद्धत मुळातच सदोष म्हणावी लागेल.

१९९८ चा ड्राफ्ट हा या विषयाच्या अभ्यासकांसाठी अक्षय खजिना आहे. त्या वर्षी क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा सूत्रधार, या जागेसाठी पेटन मॅनिंग आणि रायन लीफ असे दोन उमेदवार होते, आणि लीफचा हात अधिक दणकट आहे असे मानणारे अनेक होते. कंबाइनमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने ठरवलेल्या मुलाखतीला लीफ पोहोचलाच नाही. कोल्ट्सच्या बिल पोलियन यांनी मॅनिंगला पहिला क्रमांक दिला; दुसऱ्या क्रमांकावर लीफला घेणाऱ्या सॅन डिएगो चार्जर्सने त्याला ११२ लाख ५० हजार डॉलर केवळ स्वाक्षरीपोटी दिले. तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीत, लीफच्या १५ फेकींपैकी एकच सहकाऱ्याच्या हाती पडली आणि तिने एकूण ४ यार्ड मिळवले. त्यानंतर पत्रकारावर आरडाओरडा करतानाचे त्याचे चित्रण देशभर दाखवले गेले. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते: मॅनिंगचेही पहिले वर्ष वाईटच गेले होते, त्याच्या २८ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. अपयश दोघांच्याही वाट्याला आले. ते पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रफिती पाहायला बसण्याची सवय एकाला होती, दुसऱ्याला नव्हती. लीफचे त्या वेळी कुणाशी कायद्याचे भांडण नव्हते, म्हणून रूढ अर्थाने त्याचे चारित्र्य स्वच्छच होते.

त्याच ड्राफ्टमध्ये रँडी मॉसवर मात्र सर्वांनी लाल शाईची खूण केली होती. वेस्ट व्हर्जिनियातील रँड या वस्तीत वाढलेल्या या उंच, विलक्षण वेगवान रिसीव्हरने, म्हणजे दूर धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने, शाळेतील एका मारामारीत गुन्हा कबूल केला होता. त्यामुळे नोत्र दाम विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला, गांजाच्या चाचणीत सापडल्याने फ्लोरिडा स्टेटही सुटले, आणि अखेर मार्शल या तुलनेने लहान विद्यापीठात त्याने १९९७ च्या मोसमात २६ टचडाउन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे गुण मिळवून देणारे चेंडू, झेलले. आठव्या क्रमांकावर निवड करणारे डॅलस काउबॉइज त्याला घेतील अशी अपेक्षा होती. परंतु स्वतःच्या खेळाडूंच्या अटकांनी आधीच बदनाम झालेल्या त्या संघाने ग्रेग एलिस हा बचावपटू निवडला. वीस नावे पुकारली गेल्यावर एकविसाव्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्सच्या डेनिस ग्रीन यांनी मॉसला घेतले. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला व्हायकिंग्स डॅलसमध्येच खेळायला आले, आणि मॉसने दिवसभरात तीनच झेल घेतले: ५१, ५६ आणि ५६ यार्डांचे, तिन्ही टचडाउन. व्हायकिंग्सनी सामना ४६–३६ असा जिंकला. ज्या घरात आपल्याला नाकारले त्याच घरात त्याने दिलेले हे उत्तर आजही पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे आहे.

मॉसच्या यशाचे सर्व श्रेय त्याच्या पायांना देणे मात्र अपुरे ठरेल. व्हायकिंग्समध्ये त्याच्याच जागेवर क्रिस कार्टर खेळत होता. व्यसनापायी फिलाडेल्फियाने १९९० साली सोडून दिलेल्या कार्टरला व्हायकिंग्सनी नियमाप्रमाणे अवघे १०० डॉलर भरून आपल्याकडे घेतले होते, आणि तो व्यसनातून बाहेर पडून नावाजलेला खेळाडू झाला होता. बिघडण्याची वाट जिच्या पायांखालून गेली आहे अशी व्यक्ती नव्या मुलाशेजारी बसणे, याची नोंद कोणत्याही प्रश्नावलीत होत नाही. परंतु खेळाडूचा स्वभाव हा त्याला स्वीकारणाऱ्या घरावरही अवलंबून असतो आणि निवड करणाऱ्या संघाने आधी स्वतःचे घर पारखले पाहिजे, हा या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. २०१३ साली ॲरिझोना कार्डिनल्सनी टायरन मॅथ्यूला घेताना हेच केले. अमली पदार्थांच्या नियमभंगामुळे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने त्याला संघातून काढले होते. कार्डिनल्सनी त्याची पहिल्या फेरीची किंमत न मोजता तिसऱ्या फेरीत निवड केली, नियमित चाचण्यांची अट घातली, आणि विद्यापीठातील त्याचा जुना सहकारी पॅट्रिक पीटरसन संघात होताच. पुढे मॅथ्यू देशातील उत्तम बचावपटूंत गणला गेला.

हिंसेचा प्रश्न मात्र या सर्वांपासून वेगळा काढलाच पाहिजे. नेब्रास्का विद्यापीठाच्या लॉरेन्स फिलिप्सने १९९५ मध्ये आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर हल्ला केला होता, तरी सेंट लुइस रॅम्सनी पुढच्याच वर्षी त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले आणि त्याच्यासाठी जागा करायला त्याच दिवशी जेरोम बेटिसला पिट्सबर्गकडे पाठवले. बेटिस पुढे थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. फिलिप्सला रॅम्सनी दोन वर्षे पुरी होण्याआधीच काढून टाकले, त्यानंतरही त्याच्या हातून गंभीर गुन्हे घडत गेले आणि २०१६ साली तो तुरुंगात मरण पावला. गुणवान पण धोकादायक खेळाडू खालच्या फेरीत स्वस्तात मिळाला की संघाचे नुकसान मर्यादित राहते, असा युक्तिवाद येथे नेहमी केला जातो. जिला मार बसला त्या स्त्रीला या हिशेबात जागाच नाही, म्हणून तो युक्तिवाद लंगडा आहे. २०१६ पासून लीगने अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना कंबाइनचे निमंत्रण देणे थांबवले. त्यांना निवडण्यास मात्र मज्जाव केला नाही.

चारित्र्य शोधण्याच्या भरात संघांचे स्वतःचे वर्तनही घसरते. २०१० साली मायामी डॉल्फिन्सच्या महाव्यवस्थापकांनी डेझ ब्रायंट या तरुणाला त्याची आई वेश्याव्यवसाय करीत होती का, असे मुलाखतीत विचारले आणि गोष्ट बाहेर फुटल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. २०२२ मध्ये लीगने अपमानास्पद प्रश्नांसाठी किमान दीड लाख डॉलर दंड आणि ड्राफ्टमधील हक्काची एक निवड गमावण्याची तंबी दिली. गरीब घरातल्या, बहुसंख्येने कृष्णवर्णीय मुलांच्या दारिद्र्याच्या खुणा चारित्र्याचे डाग म्हणून नोंदवल्या जाण्याचा धोका अशा मुलाखतींत कायम असतो, आणि केवळ दंडाच्या भीतीने तो संपेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

ओहायोतील कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचा नियम मात्र संघांच्या या चारित्र्यशोधाच्या नेमका उलट आहे: मतदारांनी केवळ मैदानावरील कामगिरी विचारात घ्यावी. मॉस पहिल्याच प्रयत्नात, २०१८ साली, तेथे निवडला गेला. कामगिरीच्या आकड्यांत त्याच्या तोडीचा असलेला टेरेल ओवेन्स मात्र संघसहकाऱ्यांशी उडणाऱ्या खटक्यांमुळे आधीच्या दोन मतदानांत मागे पडला होता. त्याच वर्षी, तिसऱ्या खेपेला, त्याची निवड झाली, तेव्हा कँटनच्या समारंभाला न जाता त्याने चॅटनूगा येथे आपल्या जुन्या विद्यापीठात स्वतःचा वेगळा समारंभ केला.