अनुभवी तारे की नवखी पोरं? एका सौद्याचा धडा

संघ बांधताना सिद्ध झालेला खेळाडू घ्यायचा, की उद्या चमकेल असा पोरगा? एनबीएमध्ये हा वाद निघाला की एक उदाहरण हमखास येतं.

2013 साली ब्रुकलिन नेट्सने बॉस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट (वय 37) आणि पॉल पीअर्स (वय 35) हे दिग्गज घेतले. बदल्यात इतर खेळाडूंसोबत ड्राफ्टमधल्या 2014, 2016 आणि 2018 च्या पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या, शिवाय 2017 ची निवड अदलाबदल करण्याचा हक्कही. या जोडीसोबत नेट्सने प्लेऑफची एकच फेरी जिंकली. उलट बॉस्टनला त्या निवडींच्या जोरावर जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि 2024 मध्ये विजेतेपद.

म्हणजे तरुणच घ्यावेत? थांबा, हा एकच नमुना झाला. 2019 मध्ये लेकर्सने तीन तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या निवडी देऊन अँथनी डेव्हिस आणला आणि 2020 ला विजेतेपद जिंकलं. शिवाय 2013 च्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत एनबीएबाहेर गेला, तर पंधरावा यानिस पुढे दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरुणांच्या बाबतीत सरासरीपेक्षा विचलन महत्त्वाचं, ते असं.

मग नेट्सचं चुकलं कुठे? माझ्या मते खरी गोम सहसंबंधात आहे. ड्राफ्टमध्ये हरणाऱ्या संघाला वरची निवड मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे दिग्गज थकले, संघ हरू लागला, की दिलेल्या निवडींची किंमत आपोआप वाढणार! तसंच झालं. 2016-17 मध्ये नेट्स 82 पैकी 62 सामने हरले आणि अदलाबदलीमुळे पहिली निवड बॉस्टनकडे गेली. दोन्ही जोखमी एकाच दोरीला बांधलेल्या होत्या. हे कळायला 2024 च्या निकालाची गरज नव्हती, 2013 मध्येही कागदावर दिसत होतं.

संशोधनाचा विषय निवडताना आपणही हेच करतो. सुरक्षित विषयात निकाल नक्की, पण छोटा. नव्या विषयात मोठा, पण अनिश्चित. दोन्ही घ्या हवं तर. फक्त एक तपासा: दोन्ही एकाच उपकरणावर किंवा एकाच डेटावर तर उभे नाहीत ना? तसं असेल, तर तुमचा ‘प्लॅन बी’ हा खरं तर प्लॅन ए च आहे.