एका वर्गात बसलेली 'अवर गँग'

जुन्या हॉलिवूड विनोदपटांचे चाहते इथे कुणी आहेत का? मग हे वाचाच! 🎬

१९२२ साली हॅल रोच यांच्या स्टुडिओने 'अवर गँग' ही लघुपटांची मालिका सुरू केली. गल्लीतली उनाड पोरं, त्यांच्या खोड्या, बस्स. पण या टोळीत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं बरोबरीने हुंदडायची, एकाच वर्गात बसायची. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा दोघांच्या शाळाही कायद्याने वेगळ्या होत्या. तो भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला थेट १९५४ मध्ये!

'सनशाइन सॅमी' मॉरिसन हा टोळीतला सुरुवातीचा मोठा तारा. पुढे आला 'फरीना', म्हणजे ॲलन हॉस्किन्स. केसांच्या बारीक वेण्या पाहून अनेकांना तो मुलगीच वाटायचा. मग गोल टोपीवाला, बिलंदर 'स्टायमी'.

सगळं गोड नव्हतं, हेही खरं. भुताला घाबरून डोळे विस्फारणं, कलिंगडावर तुटून पडणं असले वर्णद्वेषी साचे त्यात आहेतच, आणि आज ते खटकतात. तरी स्टायमी समोरच्याला शब्दांत गुंडाळतो, तेव्हा हसू त्याच्यावर नाही, त्याच्यासोबत येतं. फरक तिथेच आहे.

तुमचा आवडता कोण?