मुंबईची खोली पुनर्विकासात गेलीय? सही करण्याआधी गावाकडच्या माणसानं एवढं नक्की पाहावं

पाटण, जावली, खटाव, माण या तालुक्यांत असं गाव शोधून सापडणार नाही, जिथल्या दहा-वीस घरांचा मुंबईशी संबंध नाही. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाचे वडील माथाडी. त्या पिढीनं पोटाला चिमटा काढून परळ, लालबाग, वरळी, घाटकोपर, कांजूरमार्ग इथं खोली केली. माणसं रिटायर होऊन गावाला आली. खोलीत आता एक भाऊ राहतो, नाहीतर ती भाड्यानं दिलेली असते.

आता त्याच इमारती पाडून नवीन टॉवर उभे राहतायत. गावाकडच्या मोबाईलवर मेसेज येतो, "मीटिंग झाली, बिल्डर ठरला, संमतीपत्र पाठवतोय, सही करून परत पाठवा." सही केली तर काय होतं आणि नाही केली तर काय होतं, हे सांगणारं गावात कुणी नसतं. म्हणून ही माहिती.

आधी ओळखा : तुमची संघटना कोणती?

रहिवाशांच्या संघटना दिसायला सारख्या असल्या तरी कायद्यात त्यांचे अधिकार वेगवेगळे आहेत.

१) नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपण म्हणतो ती सोसायटी. हिच्या सभासदाकडे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) असतं. बिल्डर निवडायचा अधिकार सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला आहे. चेअरमन-सेक्रेटरीला एकट्यानं तो निर्णय घेता येत नाही.

२) पागडीची, उपकरप्राप्त इमारत. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या बऱ्याच जुन्या चाळी यात येतात. इथं तुम्ही भाडेकरू, जागा मालकाची. तुमचा पुरावा म्हणजे भाडेपावती. इथं रहिवासी संघ असतो किंवा 'नियोजित' सोसायटी असते. म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ यावर देखरेख करतं.

३) झोपडपट्टी पुनर्वसन, म्हणजे एसआरए. इथंही नियोजित सोसायटी असते. पण सगळं अवलंबून असतं ते पात्र झोपडीधारकांच्या यादीवर. तिला परिशिष्ट-२ म्हणतात. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीला मोफत घर मिळतं. त्यानंतरच्या, पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून घर मिळायची तरतूद आहे.

४) बीडीडी चाळी. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या चाळींचं काम म्हाडा स्वतः करतंय. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, अशी ही योजना आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या.

आपली खोली यातल्या कोणत्या गटात बसते, हे घरातल्या कागदांवरून आजच बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सोसायटीत बिल्डर कसा ठरतो?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली सरकारनं पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिलीय. पहिला आदेश जानेवारी २००९ चा, सुधारित आदेश ४ जुलै २०१९ चा. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी अशा :

• विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी प्रत्येक सभासदाला मिळायला हवी.
• सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत.
• बिल्डर ठरवायला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. पूर्वी हाच आकडा ७५ टक्के होता.
• बिल्डर निवडीच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर असतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रण होतं.
• आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा. त्याचा अहवाल सभासदांपुढे ठेवायचा आणि मग निविदा मागवायच्या.

उदाहरण घेऊ. सोसायटीत ६० सभासद आहेत. सभेला किमान ४० जण हजर हवेत आणि किमान ३१ जणांची संमती हवी. सभेला १८ जण जमले आणि बाकीच्यांच्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या, तर त्याला रीतसर निवड म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. या आदेशातली प्रत्येक अट म्हणजे दगडावरची रेघ नाही. ही कार्यपद्धती मार्गदर्शक आहे, असं उच्च न्यायालयानं काही निकालांत म्हटलंय. एखादी बारीक त्रुटी दाखवून सगळा प्रकल्प थांबवता येईल, या भरवशावर राहू नका. हरकत घ्यायची तर ती वेळेत आणि लेखी घ्या.

"आम्ही गावाला, आम्हाला कोण विचारतो?"

गावाकडचा सभासद मागं पडतो तो इथंच. सभेला तो जात नाही आणि मग म्हणतो, "मी सही केलीच नाही, माझं काय वाकडं होणार?"

वाकडं होतं. बहुमतानं रीतसर झालेला ठराव सही न करणाऱ्यालाही लागू होतो. अल्पमतातल्या सभासदांना इमारत अडवून धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं अनेक प्रकरणांत सांगितलंय आणि खोली रिकामी करायचे आदेशही दिलेत. त्यामुळे गप्प बसणं हा बचाव होत नाही.

दुसरा घोटाळा मुखत्यारपत्राचा. "धाकट्या भावाला कुलमुखत्यार करून दिलंय, तो मत देईल," असं बरेच जण धरून चालतात. पण सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणे मुखत्यारपत्र घेऊन आलेल्याला किंवा प्रतिनिधीला सर्वसाधारण सभेत सभासदाच्या वतीनं बसता येत नाही. सभासदानं स्वतः जायचं. निदान बिल्डर निवडीच्या सभेला तरी रात्रीची एसटी धरून जावंच. काही कोटींच्या मालमत्तेचा निर्णय होत असतो. आजारपणामुळं जमणारच नसेल, तर आपलं म्हणणं स्पीड पोस्टानं सोसायटीला पाठवा आणि त्याची प्रत उपनिबंधकांना द्या.

सोसायटीच्या दप्तरात तुमचा पत्ता अजून त्या जुन्या खोलीचाच असेल, तर नोटीस तिथंच जाणार. गावचा पत्ता, मोबाईल नंबर आणि ईमेल लेखी कळवा आणि त्या पत्रावर पोच घ्या. हे काम फुकटात होतं, तरी बहुतेक जण करत नाहीत.

खोली कुणाच्या नावावर? खरी मेख इथं

वडील वारले. शेअर सर्टिफिकेट किंवा भाडेपावती अजून त्यांच्याच नावावर आहे. मुंबईतला भाऊ म्हणतो, "नॉमिनी मी आहे, मी बघतो." मग पुनर्विकासाचा करार त्याच्या एकट्याच्या नावानं होतो. दहा वर्षांनी नवीन फ्लॅट विकायला निघतो आणि तेव्हा भावाभावांत कोर्ट सुरू होतं. आपल्याकडची बरीच भांडणं याच वाटेनं जातात.

नीट समजून घ्या : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार कायदेशीर वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनी हा 'तात्पुरता सभासद' असतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात आई, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा समान हक्क. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही.

म्हणून नवीन घराचा करार होण्याआधी :

• मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि अर्ज सोसायटीकडे द्या.
• घरात एकमत असेल तर कौटुंबिक व्यवस्थेचा लेखी दस्त करा.
• कुणी हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर साधी सही घेऊन भागत नाही.
• एकमत नसेल तर आपला हक्क असल्याचं सोसायटीला आणि बिल्डरला लेखी कळवा. करार नोंदल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीचं एक पत्र जास्त कामाला येतं.

गावकीची खोली असेल तर आणखी जपून

गिरणगावात अनेक गावांनी वर्गणी काढून खोल्या घेतल्या होत्या. गावातून नवा पोरगा आला की आधी तिथं उतरायचा. या खोल्यांची भाडेपावती बहुतेक वेळा त्या काळच्या एखाद्या मुकादमाच्या किंवा पुढाऱ्याच्या नावावर असते. पुनर्विकासात घर मिळतं ते कागदावरच्या नावाला. ती माणसं कधीच गेली, आणि गावाच्या वर्गणीची जुनी वही सापडत नाही.

अशी खोली असेल तर ग्रामस्थ मंडळानं वेळ घालवू नये. मंडळाची नोंदणी आहे का ते बघा. जुन्या भाडेपावत्या, वर्गणीच्या वह्या, लाईटबिलं, मंडळाचे ठराव एकत्र करा. ज्याच्या नावावर पावती आहे त्याच्या वारसांशी बसून लेखी समजुतीचा कागद करा आणि पात्रतेची यादी पक्की होण्याआधी वकिलाला दाखवा. गावची यात्रा ही त्यासाठी चांगली वेळ. मुंबईकर आणि गावकर दोघंही तेव्हा भेटतात.

करारात नेमकं काय बघायचं?

चटईक्षेत्र : वाढीव जागा चटईक्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर दिलीय का? समजा आजची खोली २२५ चौरस फूट कार्पेट आहे आणि ३५ टक्के वाढ कबूल झालीय. तर नवीन घर साधारण ३०४ चौरस फूट कार्पेट व्हायला हवं. बिल्टअप धरून तोच आकडा सांगितला, तर आतली खोली लहान होते.

भाडे : काम चालू असताना दुसरीकडे राहायचं भाडं किती, दरवर्षी वाढणार किती, आणि ताबा मिळेपर्यंत मिळणार की ठरावीक महिनेच? पुढच्या तारखांचे चेक खोली रिकामी करण्याआधी हातात हवेत.

बँक हमी : २०१९ च्या आदेशानुसार बिल्डरनं प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी सोसायटीला द्यायची असते. बिल्डर पळाला तर सोसायटीच्या हातात राहतं ते हेच. ही अट 'नंतर बघू' म्हणून सोडू देऊ नका.

मुदत : दोन वर्षं, आणि खास कारण असेल तर तीन वर्षांपर्यंत, अशी आदेशातली अपेक्षा आहे. उशीर झाला तर दंड काय, हे करारात आकड्यात लिहिलेलं हवं.

नोंदणी : विकास करार नोंदणीकृत हवा आणि प्रत्येक सभासदाशी पर्यायी घराचा वेगळा करार हवा. मूळ विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेलं असेल, तर सभासदाच्या या वेगळ्या करारावर पुन्हा बाजारभावानं शुल्क लावता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिलाय. जादा जागा विकत घेतली तर तिचं शुल्क मात्र भरावं लागतं.

ताबा : भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नये.

विसरू नये असं उदाहरण

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची पत्रा चाळ. २००८ मध्ये करार झाला आणि ६७२ कुटुंबांनी घरं रिकामी केली. पुढे काम अर्धवट पडलं, भाडं थांबलं, प्रकरण चौकशी यंत्रणांपर्यंत गेलं. शेवटी म्हाडालाच काम हातात घ्यावं लागलं. नव्या घराची वाट बघता बघता रहिवाशांची दहापेक्षा जास्त वर्षं गेली. सोसायटी होती, करार होता, सरकारी यंत्रणाही होती. तरीही हे घडलं. म्हणून 'कमिटी बघून घेईल' एवढ्यावर भागत नाही.

कमिटी वाईटच असते असंही नाही. जिथं सभासद जागे राहिले तिथं काही सोसायट्यांनी बिल्डरशिवाय स्वयंपुनर्विकास करून दाखवलाय. मुंबई जिल्हा बँकेनं त्यासाठी कर्ज दिलं आणि राज्य सरकारनं २०१९ मध्ये सवलती जाहीर केल्या. यात फायदा बिल्डरकडे न जाता सभासदांकडे राहतो. पण कर्जाची आणि कामाची जबाबदारीही सभासदांवरच येते.

माहिती आणि तक्रार कुठं?

• सभासद यादी, सभेचं इतिवृत्त, हिशोब यांची पाहणी करण्याचा आणि फी भरून प्रती घेण्याचा हक्क सभासदाला कायद्यानं आहे. अर्ज लेखी करा.
• सोसायटी दाद देत नसेल तर त्या वॉर्डाचे उपनिबंधक, सहकारी संस्था. वाद मोठा असेल तर सहकार न्यायालय.
• उपकरप्राप्त इमारतीसाठी म्हाडा, झोपडपट्टीसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण.
• बिल्डरचे दुसरे प्रकल्प किती रखडलेत, हे महारेराच्या वेबसाईटवर मोबाईलवरूनच बघता येतं.
• वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. वडिलांच्या खोलीत हक्क असलेल्या बहिणींनी आणि विधवा सुनांनी हे लक्षात ठेवावं.

आणि शेवटचं : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या संमतीपत्रावर सही करू नका. पूर्ण कागद मागवा, गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, वकिलाला दाखवा. सही केलीच, तर तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. जुन्या माणसांनी ज्या खोलीसाठी जन्म घालवला, तिच्यासाठी आपण दोन दिवस काढायला हरकत नाही.